टॅगेट : मराठी बातम्यांच्या आशय विश्लेषणासाठी फुकटचं सॉफ्टवेअर कितपत कामाचं?

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांत पत्रकारिता, समाजकार्य किंवा राज्यशास्त्रात संशोधन करणारे विद्यार्थी आशय विश्लेषण, म्हणजे ठरलेल्या नियमांनी मजकूर वाचून त्याचं वर्गीकरण करण्याची पद्धत, आवर्जून निवडतात. साहित्य हाताशी असतं, हे त्याचं मोठं कारण. तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या फायली असतात, गावोगाव फिरण्याचा खर्च वाचतो. अडचण सॉफ्टवेअरपाशी येते. एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए, ॲटलस-टीआय ही नावं मार्गदर्शकांच्या तोंडी असतात, पण त्यांचे परवाने विकत घेणं ग्रामीण महाविद्यालयाला किंवा एकट्या विद्यार्थ्याला झेपत नाही. टॅगेट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट. मराठी बातम्यांवर ते कसं चालतं, कुठे अडतं, याचा हा लेखाजोखा.

आमचं मत आधीच सांगतो: घ्या. विदर्भातल्या छोट्या गावात, जुन्या लॅपटॉपवर, भारनियमनाच्या वेळा सांभाळून काम करणाऱ्यासाठी हे योग्य साधन आहे. पण ते तुमच्या हातात रंगीत पेन आणि खतावणी देतं, त्यापलीकडे काही नाही. कोणत्या ओळीला कोणता रंग द्यायचा, हा निर्णय तुमचा. आशय विश्लेषणातलं खरं काम तेच आहे, आणि बहुतेक प्रबंध तिथेच कच्चे राहतात.

विंडोज आणि मॅकसाठी इन्स्टॉलर आहे. सुरू केल्यावर टॅगेट ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे इंटरनेट लागेल असं वाटतं, पण लागत नाही. सगळं आपल्याच संगणकावर राहतं. खातं उघडून त्यांच्या सर्व्हरवरही काम करता येतं आणि तिथे दोघा-तिघांना एकाच प्रकल्पात घेता येतं. छापून आलेल्या बातम्यांसाठी ते चालेल. गावातल्या लोकांच्या मुलाखती असतील, विशेषतः आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या, तर त्या स्वतःच्या संगणकाबाहेर जाऊ देऊ नका. मेनू इंग्रजीत आहेत, तरी चार-पाचच बटणं आहेत. प्रकल्प तयार करायचा, कागद (म्हणजे बातम्यांच्या फायली) आत घ्यायचे, मजकूर निवडून हायलाइट करायचा, टॅग (म्हणजे वर्गाचं नाव) लावायचा, शेवटी एक्स्पोर्ट. नव्या प्रकल्पात ‘इंटरेस्टिंग’ नावाचा एक टॅग आधीच दिलेला असतो. तो पहिल्यांदा काढून टाका, नाहीतर जिथे निर्णय घ्यायचा कंटाळा येईल तिथे तो लावला जातो आणि शेवटी त्याच्याखाली शंभर ओळी साचतात.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की कागद एकदा आत घेतला की त्यातला मजकूर दुरुस्त करता येत नाही. अक्षर चुकलं असेल तर कागद काढून पुन्हा घ्यावा लागतो, आणि त्यावरचे सगळे हायलाइट त्याच्यासोबत जातात. म्हणून मजकुराची सफाई आधी. इंग्रजी बातम्यांवर काम करणाऱ्याला हा टप्पा जवळपास नसतोच. मराठीत सर्वाधिक वेळ इथेच जातो.

मजकूर आत घेण्याआधी

ई-पेपरचं पान बहुधा चित्र असतं. जिथे पीडीएफ मिळते तिथे अक्षरं अनेकदा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली असतात. पानावर मराठी नीट दिसतं, पण कॉपी केलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला हाती येतो. अशी पीडीएफ टॅगेटमध्ये टाकली तर तिथेही तोच काला दिसेल. फाँट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर हमखास तिथे घसरतो.

वाचनालयातल्या फायलीवरून मोबाइलने फोटो काढणार असाल तर पूर्ण पानाचा फोटो घेऊन ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणं) करू नका. आठ कॉलमच्या पानात शेजारच्या बातमीची ओळ या बातमीत घुसते. एक बातमी, एक फोटो. फ्लॅश बंद, खिडकीजवळचा उजेड, आणि बांधणीकडचा वाकलेला भाग हाताने सपाट धरून. गूगल ड्राइव्हमध्ये चित्र टाकून ते गूगल डॉक्सने उघडलं की खाली मजकूर मिळतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. नेट नसेल तर टेसरॅक्ट हे फुकट ओसीआर मराठीच्या भाषाफाइलसह संगणकावरच चालतं. दोन्हीकडे चुका ठरावीक जागी होतात: घ आणि ध, भ आणि म, गळालेले अनुस्वार. ‘भाव’चा ‘माव’ झाला आणि ‘धान’चं ‘घान’ झालं, तर शोधात ती बातमी सापडणारच नाही.

दुसरी चूक डोळ्यांना दिसतही नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. एका वर्तमानपत्राची वेबसाइट पहिला प्रकार वापरते आणि दुसऱ्याची दुसरा, असं असेल तर ‘शेतकऱ्यांना’ शोधल्यावर एका वर्तमानपत्रात शेतकरी भरपूर आणि दुसऱ्यात जवळपास गायब, असा ‘निष्कर्ष’ निघतो. पऱ्हाटी, वऱ्हाड, कर्मचाऱ्यांनी, व्यापाऱ्यांकडे, सगळीकडे हीच गोष्ट. उपाय सोपा आहे. सगळ्या फायली लिबर ऑफिस रायटरमध्ये उघडा, संशयित शब्द फाइलीतूनच कॉपी करून ‘शोधा’च्या चौकटीत चिकटवा, ‘बदला’च्या चौकटीत दुसऱ्या पद्धतीने टाइप करा आणि सगळीकडे एकच रूप करून घ्या. आकड्यांचंही तसंच. २०२४-२५ हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तो कुठे देवनागरी अंकांत छापलेला असतो, कुठे इंग्रजी. एक पद्धत ठरवा.

फाइलीचं नाव वर्तमानपत्र, आवृत्ती, तारीख, पान, बातमीचा क्रमांक या क्रमाने द्या आणि तारीख वर्षापासून सुरू करा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. आवृत्तीचा उल्लेख विसरू नका. एकाच वर्तमानपत्राच्या यवतमाळ आणि गोंदियाच्या जिल्हा पानांत वेगवेगळ्या बातम्या असतात. प्रबंधात नुसतं वर्तमानपत्राचं नाव लिहिलं तर नेमकं काय वाचलं हे कुणालाच कळत नाही.

टॅग म्हणजे संहिता नव्हे

बर्नार्ड बेरेलसनने १९५२ साली आशय विश्लेषणाची जी व्याख्या केली तिच्यात वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक हे तीन शब्द होते, आणि रोख मजकुरात उघड दिसणाऱ्या आशयावर होता. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाले, गुणात्मक पद्धतीही आल्या. पण पद्धतशीर हा शब्द कुणी सोडलेला नाही. दुसऱ्या माणसाने तेच नियम घेऊन तोच मजकूर वाचला तर जवळपास तेच उत्तर आलं पाहिजे. ते नियम म्हणजे संहिता-पुस्तिका, कोडबुक.

टॅगेटमध्ये प्रत्येक टॅगला वर्णनाची जागा आहे. बहुतेक जण ती रिकामी सोडतात, आणि या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच वाया जातो. नियम त्या जागेत लिहिला तर कोडबुक एक्स्पोर्ट केल्यावर टॅग आणि नियम एकत्र बाहेर येतात आणि प्रबंधाचं परिशिष्ट तयार होतं.

नियम कसा असतो, हे एका वाक्यावर पाहू. कापूस खरेदीच्या बातम्यांत ‘अडचणीला जबाबदार कोण’ हा प्रश्न आहे आणि पर्याय केंद्र सरकारची यंत्रणा, राज्य सरकार, खासगी व्यापारी व जिनिंग, बाजार समिती, निसर्ग, शेतकरी स्वतः, कुणीच नाही, असे आहेत. बातमीत वाक्य येतं: ‘सीसीआयचे केंद्र सुरू न झाल्याने शेतकऱ्यांना खेडा खरेदीत पडेल भावाने कापूस विकावा लागत आहे.’ एक जण ‘व्यापारी’ लावतो, कारण गावात येऊन केलेल्या खेडा खरेदीत पडेल भाव तो देतो. दुसरा ‘केंद्राची यंत्रणा’ लावतो, कारण सीसीआय (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) केंद्र सरकारचा उपक्रम आहे. दोघेही विचारपूर्वक वाचत आहेत, पुस्तिका गप्प आहे. नियम असा हवा: वाक्यात ज्याची कृती किंवा निष्क्रियता कारण म्हणून सांगितली आहे (‘-मुळे’, ‘-ल्याने’, ‘-अभावी’) तोच जबाबदार, त्या कारणाचा फायदा घेणारा नाही. शिवाय दोन कारणं असतील तर शीर्षकातलं धरावं, शीर्षकात नसेल तर बातमीत आधी आलेलं. अशा दोन ओळींनी वाद मिटतो. सोबत वर्णनात एक ‘लागू होतं’ आणि एक ‘लागू होत नाही’ असं उदाहरण चिकटवा.

टॅगेटला परस्परवर्जक पर्याय कळत नाहीत. एकाच हायलाइटला ‘व्यापारी’ आणि ‘राज्य सरकार’ दोन्ही लावले तरी ते अडवत नाही. म्हणून टॅगच्या नावातच प्रश्न घाला: ‘जबाबदार.व्यापारी’, ‘जबाबदार.राज्य’. एका प्रश्नाचे टॅग यादीत जवळ राहतात. काम झाल्यावर हायलाइट सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून एक्स्पोर्ट करा आणि लिबर ऑफिस कॅल्कमध्ये पिव्होट टेबल लावा: ओळींत कागद, स्तंभांत टॅग, चौकटीत संख्या. ज्या कागदाला ‘जबाबदार’चे दोन टॅग आहेत किंवा एकही नाही, तो लगेच दिसतो. सीएसव्ही उघडताना कॅल्क अक्षरसंच विचारतं, तिथे यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून थेट उघडलं तर देवनागरीचा कचरा होतो आणि तसंच सेव्ह केलं तर मूळ मजकूर परत येत नाही. एक्सेलच वापरायचं असेल तर सीएसव्हीऐवजी एक्सेलच्या रूपातलं एक्स्पोर्ट घ्या.

मोजायचं एकक काय, हेही आधी ठरलं पाहिजे. पूर्ण बातमी, परिच्छेद की वाक्य? टॅगेटमध्ये तुम्ही हवी तेवढी जागा निवडू शकता, म्हणून एका बातमीत सहा हायलाइट होतात आणि दुसरीत एक. मग ‘राज्य सरकारला ६० वेळा जबाबदार धरलं’ असा आकडा येतो. त्यातल्या किती वेळा ती एकच लांबलचक बातमी होती, हे कळत नाही. एकक बातमी असेल तर टॅग फक्त शीर्षकावर लावायचा, असा शिरस्ता ठेवा आणि आधाराच्या ओळींना वेगळा ‘आधार’ टॅग द्या.

पान क्रमांक, छायाचित्र, बातमी किती जागेत आली, खाली ‘तालुका प्रतिनिधी’ आहे की ‘विशेष प्रतिनिधी’, हे टॅगेटमध्ये बसत नाही. त्यासाठी बाजूला एक कॅल्कची शीट हवीच. जागा मोजताना उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन कॉलमच्या संख्येने गुणायचं: १२ सेंमी उंच, तीन कॉलम म्हणजे ३६ कॉलम सेंटीमीटर. वर्तमानपत्रांच्या कॉलमची रुंदी सारखी नसते, म्हणून तुलना करताना पानाच्या टक्केवारीत बदला. ओसीआरसाठी बातमी कापून फोटो घेतला की ही माहिती हरवते. तेव्हा पूर्ण पानाचाही एक फोटो ठेवावा.

विश्वासार्हता टॅगेट मोजत नाही

ही त्याची खरी उणीव. दोन वाचकांची सहमती काढायची सोय त्यात नाही. शिवाय सर्व्हरवर एकाच प्रकल्पात दोघं काम करत असतील तर एकमेकांचे हायलाइट दिसतात, म्हणजे ती स्वतंत्र चाचणी राहतच नाही. दोन वेगळे प्रकल्प करा, तेच कागद, तेच टॅग, आणि चाचणी संपेपर्यंत बोलणं बंद. एकूण बातम्यांपैकी १० ते २० टक्के चाचणीसाठी घेण्याची रीत आहे.

नुसती टक्केवारी देऊन मोकळं होऊ नका. समजा ५० बातम्या आहेत आणि प्रश्न ‘राज्य सरकारला जबाबदार धरलं का’ एवढाच. दोघांचं ‘हो’ १८ मध्ये, दोघांचं ‘नाही’ २० मध्ये, पहिल्याचं हो-दुसऱ्याचं नाही ७, उलट ५. सहमती ३८, म्हणजे ०.७६. ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्याने एकूण २५ वेळा ‘हो’ म्हटलं, दुसऱ्याने २३ वेळा. डोळे मिटून लावलं असतं तरी जुळायचं प्रमाण ०.५० × ०.४६ अधिक ०.५० × ०.५४, म्हणजे ०.५०. योगायोगाचा वाटा वजा करून उरलेली सहमती म्हणजे कोहेनचा कप्पा (१९६०) = (०.७६ − ०.५०) ÷ (१ − ०.५०) = ०.५२. एवढ्यावर निष्कर्ष उभा करू नये. आशय विश्लेषणाचा अभ्यासक क्लाउस क्रिपेनडॉर्फ सहमतीच्या आपल्या अल्फा या मापासाठी ०.८०० ची अपेक्षा ठेवतो, आणि तात्पुरत्या निष्कर्षांसाठी खालची हद्द ०.६६७ मानतो.

क्वचित येणाऱ्या गोष्टीत फसगत जास्त. ५० पैकी ४६ बातम्यांत दोघांचं ‘नाही’, एकीत दोघांचं ‘हो’, तिघींत मतभेद (दोनदा पहिल्याचं ‘हो’, एकदा दुसऱ्याचं). सहमती ९४ टक्के, कप्पा ०.३७ च्या आसपास. म्हणजे ‘नाही’ ओळखण्यात दोघं पटाईत आहेत, ‘हो’ ओळखण्याबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही. असं दिसलं तर त्या प्रकारच्या बातम्या मुद्दाम जास्त घेऊन चाचणी पुन्हा करा. हे सगळं कॅल्कमध्ये दहा चौकटींत होतं, वेगळं सॉफ्टवेअर नको. कप्पा कमी आला की वाचकाला दोष देण्याआधी मतभेदाच्या बातम्या समोर ठेवून पुस्तिकेतला नियम सुधारा, आणि पुढची चाचणी नव्या बातम्यांवर घ्या. जुन्यांवरच घेतली तर फक्त आठवण तपासली जाते.

नमुना निवडताना विदर्भाचं कॅलेंडर

सॉफ्टवेअरशी याचा थेट संबंध नाही, पण चुकीच्या नमुन्यावर टॅगेट चालवून उपयोग काय? दर सातवा अंक घेतला तर नेहमी एकच वार हाती येतो. ज्या वारी शेतीची पुरवणी असते तो लागला तर शेतीच शेती, नाही लागला तर दुष्काळ. म्हणून ‘रचित आठवडा’ करतात: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने एक, मंगळवारांतून एक, असे सात दिवस. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे पुरतात, असं डॅनियल रिफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं. ते दैनिकातल्या एकंदर आशयाबद्दल आहे. आपल्याकडचे विषय हंगामाला बांधलेले. कापूस खरेदी दिवाळीनंतर तापते. वाघाच्या हल्ल्यांचा विषय असेल तर उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी लोक जंगलात जातात, ते महिने वेगळे धरावे लागतात. २०१७ च्या पावसाळ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेच्या बातम्या काही आठवड्यांतच दाटून आल्या. चिठ्ठीत ते दिवस निसटले तर अख्खा विषय निसटला. अशा वेळी त्या काळातले सगळे अंक घ्या, आणि बाकी वर्षासाठी हंगामवार रचित आठवडे.

शब्द मोजायचे असतील तर

टॅगेट शब्दगणना करत नाही. त्यासाठी अँटकाँक, तेही फुकट. त्याला देवनागरी नीट वाचता यावी म्हणून टोकन डेफिनिशनमध्ये (शब्द कशाला म्हणायचं, या सेटिंगमध्ये) अक्षरांसोबत ‘मार्क’ हा वर्ग निवडावा लागतो. ते केलं नाही तर मात्रा म्हणजे शब्दाचा शेवट समजून ते शब्द तोडतं. शोधशब्दांची यादी इथल्या भाषेची हवी. ‘कापूस’ शोधलं तर ‘कापसाला’, ‘कापसाचे’ सुटतात, म्हणून ‘कापस’ हा भागही द्या. सोबत कपाशी आणि पऱ्हाटी. भंडारा-गोंदियाच्या पानांत ‘भात’ शोधून फारसं हाती लागत नाही, तिथे ‘धान’ असतं आणि पैशाचा उल्लेख ‘चुकारे’ असा. ‘बोंडअळी’ आणि ‘बोंड अळी’ दोन्ही. ‘आत्महत्या’ न वापरता ‘गळफास’, ‘विष प्राशन’, ‘जीवनयात्रा संपवली’ असं लिहिलेल्या बातम्या कमी नाहीत. शब्दगणनेने बातम्या शोधाव्यात, अर्थ मात्र टॅगेटमध्ये वाचून लावावा.

कुणी घेऊ नये? व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रं, व्हिडिओ किंवा आकाशवाणीच्या कार्यक्रमांचा आवाज हा विषय असेल तर टॅगेट निरुपयोगी आहे, ते फक्त मजकूर घेतं. व्यंगचित्रांच्या अभ्यासालाही नाही. एम.ए.चा लघुप्रबंध, एम.फिल.च्या जुन्या कामाचा विस्तार, पीएच.डी.तलं एखादं प्रकरण, दोनशे ते हजार बातम्या, एक किंवा दोन वाचक: एवढ्यासाठी आम्ही याला पाचपैकी चार देऊ. एक गुण विश्वासार्हतेच्या हिशोबासाठी कापला. काम सुरू असेपर्यंत दर आठवड्याला प्रकल्प एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. पूर्ण प्रकल्प एकाच एसक्यूलाइट फाइलीत येतो, आणि दुसऱ्या संगणकावर तो तसाच उघडता येतो.